कागद आपले, निवड त्यांची
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की बोलणाऱ्या बाईने एखादा थोर विषय घ्यावा, अशी रीत आहे. आपल्या या व्यासपीठावर अशी उत्तम भाषणे झालेलीही आहेत. मी आज घेतलेला विषय मात्र अगदी घरच्या कपाटातला आहे. बारावीच्या मुलामुलीच्या कॉलेज-प्रवेशाची तयारी उन्हाळ्याच्या आधी घरात कशी करावी, एवढेच मी सांगणार आहे.

मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. पंचवीस वर्षे एका शाळेच्या कचेरीत लिपिक होते आणि दोन मुलांची आई आहे. दुसऱ्यांच्या मुलांचे दाखले मी जन्मभर लिहिले, तपासले आणि शिक्का मारून दिले. आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी नेमकी चुकले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. ती चूक कबूल केल्याशिवाय तुम्हांला चार गोष्टी सांगण्याचा मला अधिकार नाही. म्हणून तीच आधी सांगते.

माझा थोरला बारावीला होता. मुलगा अभ्यासू. इंजिनियरिंगची सीईटी त्याने चांगली दिली होती. निकाल लागला, पेढे वाटले, आणि अर्ज भरायला बसलो तेव्हा मी कपाटातून नॉन-क्रीमिलेयरचे प्रमाणपत्र काढले. त्यावरची मुदत ३१ मार्चला संपलेली! मग धावपळ सुरू झाली. नागपूरचे ऊन तुम्हांला सांगायला नको. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, पर्समध्ये कांदा ठेवून मी तीन दिवस रांगेत उभी राहिले. कधी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा अपुरा, कधी यंत्रणाच बंद. नवे प्रमाणपत्र हातात आले, ते मुदत संपल्यावर दोन दिवसांनी. मुलाचा अर्ज खुल्या प्रवर्गात धरला गेला आणि आम्ही मनात धरलेले कॉलेज हातचे गेले. दोष कुणा कचेरीचा नव्हता. त्या कागदावरची तारीख वर्षभर माझ्याच कपाटात होती. मीच ती वाचली नव्हती.

त्या दिवशी मी खूप रडले. मुलगा मात्र काहीच बोलला नाही. तो का बोलला नाही, ते मी पुढे सांगेन. आधी कागदांचे पाहू.

आपण समजतो की प्रवेशाचे काम निकालानंतरचे. आमच्या वेळी ते तसे होतेही. गुणपत्रिका घ्यायची, कॉलेजच्या खिडकीवर अर्ज द्यायचा, आठवड्याने यादी पाहून यायची. आता तसे राहिलेले नाही. २०२५ सालचेच पाहा. बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, राज्याची सीईटी एप्रिलमध्ये झाली, डॉक्टरकीची नीट ४ मे रोजी झाली आणि दुसऱ्या दिवशी, ५ मे रोजी, बारावीचा निकाल लागला. नीटचे अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यातच बंद झाले होते. म्हणजे निकालाची वाट पाहत बसलेल्या घराच्या हातून बऱ्याच वाटा निकालाआधीच निघून गेल्या होत्या. तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, परंतु क्रम साधारण हाच असतो. म्हणून माझे सांगणे असे की हे काम आपल्या सणांना बांधून घ्यावे.

दिवाळीचा फराळ आटोपला की पहिले काम नावांचे. दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचे पुस्तक ही चारही शेजारी शेजारी ठेवा आणि मुलाचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. एकीकडे वडिलांचे नाव मधे, दुसरीकडे ते गळलेले. एका कागदावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’, दुसऱ्यावर दोन. हे आपल्याला क्षुल्लक वाटते, पण संगणकाला ती दोन वेगळी माणसे वाटतात.

आणि भगिनींनो, यात आपले स्वतःचे नाव विसरू नका. बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव छापलेले असते. आपल्याकडे लग्नात तांदळात बोटाने नवे नाव लिहिण्याची हौस होती. माहेरची सुनीता सासरी येऊन शालिनी झाली. शाळेत मुलाच्या नावापुढे कोणी सुनीता लिहिले, आधारवर शालिनी आले. शाळेच्या कचेरीत बसून मी अशा किती शालिनीबाई पाहिल्या असतील! त्या बिचाऱ्या हसून म्हणत, “मायबाई, मीच ते दोन्ही.” पण ‘मीच ती’ हे सांगायलाही प्रतिज्ञापत्र लागते, आणि ते दिवाळीत शांतपणे होते, जूनमध्ये होत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर त्यांच्या नावानंतर आईचे नाव येते. चांगली गोष्ट झाली. तेव्हा ज्या आया आज तरुण आहेत, त्यांनी आपले एकच नाव सगळीकडे ठेवावे, ही माझी त्यांना विनंती.

दुसरे काम दाखल्यांचे, आणि ते संक्रांतीच्या आत व्हावे. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, ज्यांना लागू असेल त्यांनी जातीचे प्रमाणपत्र, जात-वैधता आणि नॉन-क्रीमिलेयर, किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र. नॉन-क्रीमिलेयरवरची मुदत मोठ्याने वाचा. प्रवेशासाठी ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारे असावे लागते. जुन्याची मुदत येत्या मार्चमध्ये संपत असेल, तर उत्पन्नाचे पुरावे आताच जमवून ठेवा आणि एप्रिल लागताच नव्यासाठी अर्ज टाका. मी हे ठेच लागून शिकले. तुम्ही ऐकून शिका.

जात-वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तिचा अर्ज अकरावीतच करावा. तिथे पूर्वजांचे जुने पुरावे मागतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचे आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. आता आपल्या नागपूरची गंमत अशी की हे शहर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होते, त्याआधी मध्यप्रांत व वऱ्हाडची. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीवर ‘महाराष्ट्र’ हा शब्द सापडणारच नाही. तो जुना पिवळा कागद पाहून कुणी म्हणते, ‘हा काय कामाचा!’ आणि दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत जातो. बायांनो, तो कागद सोन्याच्या पाटल्यांपेक्षा मोलाचा आहे. सासूबाईंच्या पेटीत, चुलतसासऱ्यांच्या घरी, गावच्या शाळेत तो शोधा आणि जपून ठेवा.

तिसरे काम अगदी लहान, पण त्यावाचून सगळे अडते. अर्ज भरताना जो मोबाइल नंबर आणि ईमेल द्यायचा तो आपल्याच घरातला असावा. आमच्या शेजारच्या एका मुलीचा अर्ज एका दुकानात भरला. दुकानदाराने घाईत स्वतःचाच नंबर टाकला. जागा लागल्यावर ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि तो लग्नाला गावी गेलेला! मुलगी आणि तिची आई दोन दिवस त्याच्या बंद दुकानापुढे बसून होत्या. शेवटी तो सापडला आणि जागा वाचली. पण दर वेळी सापडेलच असे नाही. नंबर, ईमेल आणि पासवर्ड एका वहीत लिहा आणि ती वही देवघराच्या फडताळात ठेवा. मूळ कागद कुणालाही ठेवायला देऊ नका. ‘मी जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला तर चहासुद्धा विचारू नका.

इथवरचे सगळे काम आपले, म्हणजे आईबापांचे. त्यासाठी मुलांना अभ्यासातून उठवू नये. फक्त सगळे जमले की एकदा त्यांना फाइल दाखवावी आणि कोणता कागद कशासाठी ते समजावून सांगावे. उद्या नोकरीत हीच फाइल त्यांना स्वतः सांभाळायची आहे.

आता मी माझ्या मुलाकडे येते. त्याला दुसऱ्या एका कॉलेजात जागा मिळाली. वर्ष कसेबसे गेले, विषय राहिले, मुलगा घुमा झाला. मी आपली त्या प्रमाणपत्रालाच दोष देत होते. एके रात्री जेवताना मी पुन्हा तोच पाढा सुरू केला, तेव्हा तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, “आई, तू त्या कागदासाठी एवढी रडलीस. पण मला ती शाखा नकोच होती. ते कोणी मला विचारलंच नाही.”

मैत्रिणींनो, घास माझ्या हातात तसाच राहिला. मग लक्षात आले की माझी चूक एक नव्हती, दोन होत्या. जे काम माझे होते, कागदांचे, ते मी केले नाही. आणि जे काम त्याचे होते, निवडीचे, ते मी त्याच्या हातून काढून घेतले. माझ्या आजच्या भाषणात सांगण्यासारखे जर काही असेल, तर ते एवढेच आहे. कागद आपले, निवड त्यांची.

त्याला दगडमातीची आवड होती. लहानपणी रामटेकला गेलो की खिसे भरून दगड आणायचा आणि मी ते अंगणात फेकून द्यायची. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय ज्या नागपुरात आहे, त्या नागपुरातल्या आईला भूशास्त्र म्हणून एक विषय असतो आणि त्यावर माणसाचे पोट भरते, हे ठाऊक नव्हते! पुढे तो तेच शिकला. आज बरा आहे. पण एक वर्ष गेले, आणि त्या वर्षातले त्याचे हसू गेले, ते मला भरून देता आले नाही.

म्हणून धाकट्या मुलीच्या वेळी मी निराळी वाट धरली. होळीच्या आधी, अभ्यासाच्या मधल्या रविवारी, अर्धा दिवस काढून मी तिच्याबरोबर एकेक कॉलेज बाहेरून-आतून पाहून आले. नागपूरसारख्या शहरात राहण्याचे भाग्य आपल्याला कळत नाही. १८८३ सालचे हिस्लॉप कॉलेज इथे आहे. महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. मुलींसाठी लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय १९३२ पासून. डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली तंत्रशास्त्राची संस्था २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. १९४७ सालचे मेडिकल आहे, पशुवैद्यकाचे कॉलेज आहे, चित्रकलेचे आहे. आपण मात्र दोनच शब्द धरून बसतो, डॉक्टर आणि इंजिनियर, जणू बाकीच्या इमारतींना दारेच नाहीत.

अग्निशमनाचे राष्ट्रीय महाविद्यालयही आपल्याच गावात आहे. २००२ साली तिथे हर्षिनी कान्हेकर या नागपूरच्या मुलीने प्रवेश घेतला. त्या कॉलेजात शिकायला आलेली ती पहिलीच मुलगी. आधी ती आपल्या एल.ए.डी. कॉलेजात शिकली होती. भारतातली पहिली महिला अग्निशमन अधिकारी म्हणून आज तिचे नाव घेतात. विचार करा, ‘मुलींनी तिथे अर्ज करायचा नसतो’ असे म्हणून कुणी तो अर्ज फाडून टाकला असता तर? प्रत्येक मुलीने आग विझवायला जावे असे मी म्हणत नाही. अर्जावर मुलीचे मन उमटावे, आपली भीती उमटू नये, एवढेच म्हणते.

निवड मुलांची म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडायचे असे मात्र नव्हे. पसंतीक्रम भरताना त्यांच्याशेजारी बसावे. मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजात किती गुणांवर प्रवेश थांबले त्या याद्या पाहायला मिळतात. त्या समोर ठेवाव्यात. खरोखर हवे ते वर लिहावे, मिळण्यासारखे मध्ये, आणि हमखास मिळेल ते खाली. पहिल्या पसंतीची जागा लागली की बहुधा ती घ्यावीच लागते, म्हणून मनात नसलेले नाव केवळ प्रतिष्ठेसाठी पहिले लिहू नये. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजारणीच्या मुलाच्या वेळचा नियम आपल्या मुलाला लावू नये.

आता पैशाचे. हा विषय आपण मुलांपासून लपवतो आणि मग ऐनवेळी ‘जमणार नाही’ म्हणून त्यांचे मन मोडतो. त्यापेक्षा शिमग्यानंतर एकदा सगळ्यांनी मिळून बसावे आणि सांगावे, ‘बाळा, वर्षाला आपण इतके देऊ शकतो. याहून जास्त लागले तर कर्ज, आणि ते असे फेडावे लागेल.’ सतरा वर्षांच्या मुलाला हे कळते. न सांगण्याने त्याला अधिक टोचते.

आणि पैशाच्या बोलण्यात एक गोष्ट मी स्पष्टच बोलते, राग मानू नका. मुलगा असला की पुण्याला, मुलगी असली की ‘गावातलेच बरे’. मुलाच्या क्लासला कर्ज आणि मुलीच्या लग्नासाठी ठेव. हे आपल्याच घरांत चालते, आणि चालवणाऱ्यांत आपणही असतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या जुलैमध्ये निर्णय केला की कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ. पूर्वी ते निम्मेच माफ होते. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून घेतलेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. वसतिगृहाचा आणि खाणावळीचा खर्च निराळा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना आधीपासून आहेतच. तेव्हा ‘मुलीला परवडत नाही’ हे म्हणण्यापूर्वी एकदा नीट चौकशी करावी. पुष्कळदा परवडत नाही ते आपल्या मनाला.

आपल्या शहरात हे धैर्य नवे नाही. कौसल्या बैसंत्री यांचे ‘दोहरा अभिशाप’ हे हिंदी आत्मचरित्र १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी आपल्या नागपूरच्या आईची हकीकत सांगितली आहे. आईवडील दोघेही एम्प्रेस मिलमध्ये राबत होते, वस्तीतले लोक नावे ठेवत होते, तरी त्या आईने मुलींना शाळेत धाडणे सोडले नाही. ती एम्प्रेस मिल आता उरली नाही. पण गिरणीत खपलेल्या त्या बाईने जे केले, ते पंख्याखाली बसलेल्या आपल्याला जड जावे काय?

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते आणि तुमची रजा घेते.

पहिली सूचना वाणाची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण डबे, वाट्या, चाळण्या लुटतो. घरोघरी त्यांचे ढीग झाले आहेत. ज्यांच्या घरी दहावी ते बारावीची मुले आहेत त्यांना यंदा एकेक चांगली फाइल लुटावी, आणि तिच्या आतल्या पुठ्ठ्यावर लागणाऱ्या कागदांची यादी चिकटवावी. सधवा-विधवा हा भेद आपल्या मंडळाने केव्हाच सोडला आहे, तेव्हा वाण सर्वांना. त्याच दुपारी बँकेतून, कचेरीतून, शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्या भगिनींनी एका टेबलाशी बसून ज्यांना हवे त्यांचे कागद तपासून द्यावेत. पहिल्या खुर्चीवर मी बसते.

दुसरी सूचना निकालाच्या दिवसाची. त्या दिवशी आपण शेजारी एकमेकींना पहिला प्रश्न काय विचारतो? ‘किती टक्के?’ आणि तो प्रश्न दाराआडचे मूल ऐकत असते. यंदापासून आपल्या मंडळाच्या बायांनी तो प्रश्न विचारायचा नाही, असा आपण आपल्यापुरता नेम करू या. त्याऐवजी विचारावे, ‘काय शिकायचे ठरवले?’ आणि मुलाने काहीही उत्तर दिले तरी ‘छान!’ म्हणावे आणि हातावर पेढा ठेवावा. माझ्या मुलाला त्या वर्षी कुणी एवढे विचारले असते, तर मला आज हे भाषण करावे लागले नसते.

घरी गेल्यावर एकदा कपाट उघडून पाहा.